फळ्यावरचा पोपट

ओल्या डिस्टेंपरचा वास मला सोसत नाही. चुन्याचा चालतो. चुना भिंत पांढरी करतो आणि गप्प बसतो. डिस्टेंपरच्या वासात मात्र कुणाला तरी खूश करण्याची एक लाचार गोडी असते. आज सकाळी भाजी घेऊन परतताना तो वास आला आणि मान वर न करताच मी ओळखलं, की मुलींच्या सरकारी इंटर कॉलेजात कुणी साहेब तपासणीला यायचे आहेत. वर पाहिलं, तर खरंच रस्त्याकडची भिंत पिस्त्याच्या रंगाची होत होती. रंग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला होता आणि तिथे शिस्तीत थांबला होता, कारण साहेबांची गाडी गल्लीत शिरत नाही. गल्लीकडची भिंत होती तशीच: पानाच्या पिचकाऱ्या, शिकवण्यांच्या जाहिराती, वर्षानुवर्षांची ओल, आणि तिच्यातून उगवलेलं पिंपळाचं एक रोप. ते रोप निदान आपल्या बळावर वाढलं होतं. आतल्या माणसांबद्दल तेवढंही म्हणता येणार नाही.

आमच्या काशीत सहावी ते बारावीच्या शाळेला इंटर कॉलेज म्हणतात. नावातच कॉलेज असल्यामुळे आत काही असण्याची गरज नाही, असा एकूण समज आहे. या पिस्त्याच्या भिंतीआडच मी शिकले. तेव्हा ती भिंत चुन्याची होती. माझं माहेर मंगला गौरीच्या देवळाजवळ, सासर मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत. नोकरी रेल्वेच्या कचेरीत, म्हणजे कागद, खाती, वेळा आणि याद्या यांच्यातच जन्म गेला. यादी केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. घरचे हसतात. हसोत. माझ्या घरात मीठ कधी संपलेलं नाही.

तो वास मला काही वर्षांपूर्वीच्या एका चैत्रात घेऊन गेला. चैत्रात आमच्याकडे पश्चिमेचा वारा फिरला, की पलीकडच्या तीरावरची रेती उठते आणि शहरावर येऊन बसते. ताटात रेती, उशीवर रेती, देवांच्या पितळी डोळ्यांत रेती. कडुनिंबाचा मोहोर गळत असतो, त्याचा कडसर गोड वास दुपारी गल्लीत साचून राहतो, आणि घाटावरून वर येणाऱ्या पायऱ्या इतक्या तापतात, की यात्रेकरू अनवाणी उड्या मारत चढतात. अशा दिवसांत शहाणं माणूस पडदे ओढून पडून राहतं. मी भाचीचा हात धरून शाळा बघत हिंडत होते.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची धर्मकृत्यं करतो. वडील तेच करायचे, आजोबाही तेच. पोरगी गल्लीतल्याच एका इंग्रजी नावाच्या शाळेत होती. त्या शाळेला मान्यता फक्त आठवीपर्यंतची आहे, ही गोष्ट शाळेने मोठ्या विनयाने झाकून ठेवली होती आणि निकालाच्या दिवशी उघड केली. संचालकांकडे उपायही तयार होता. पोरगी इथेच शिकेल, नाव फक्त दुसऱ्या कॉलेजच्या पटावर राहील. "सब ऐसे ही करते हैं, दीदी," ते मला म्हणाले, जणू सगळे करतात ही त्या गोष्टीच्या बाजूची साक्ष होती. नाव एकीकडे आणि शरीर दुसरीकडे, ही व्यवस्था आमच्या गावात श्राद्धाला ठीक आहे. जिवंत पोरीसाठी मला ती पटली नाही.

म्हणून मी एका जुन्या कॅलेंडरच्या पानामागे रकाने आखले. चालत किती लांब, पाणी, मुलींची मोरी, पंखे, आणि कोणता विषय कोण शिकवतं. मोहल्ल्यातल्या लोकांचे रकाने निराळे होते. शेजारच्या बाईंना फाटकाची उंची हवी होती. वरच्या मजल्यावरच्या काकांना संस्थेची कमिटी कोणत्या जातीची आहे ते पुरेसं होतं. आमच्या एका दूरच्या मावशीने तर गणवेशाच्या रंगावरून शाळा ठरवली होती, कारण तो निळा तिच्या नातीच्या रंगाला खुलतो. आणि सगळ्यांच्या मते आपापल्या शाळेचा निकाल "एकदम फर्स्ट क्लास" होता, कारण फाटकावर लावलेल्या फलकावर दहा-बारा पोरांचे चेहरे छापले होते. ते चेहरे नीट बघितले, तर उन्हाने इतके उडालेले होते, की त्यांतल्या कुणाची पोरं आता त्याच शाळेत शिकत असतील. या माणसांचा मला राग येत नाही. राग यायला समोरच्याकडून काही अपेक्षा असावी लागते.

पहिली शाळा आपल्या लोकांची. म्हणजे कधीकाळी इथल्या दक्षिणी, म्हणजे मराठी, कुटुंबांनी काढलेली, आता सरकारी अनुदानावर चालणारी. दारातच संस्थापकांचा अर्धपुतळा होता. त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार वाळून दोरा झाला होता. मुख्याध्यापक वयस्कर होते, आम्हाला पाहून त्यांना भरून आलं आणि ते मराठी बोलू लागले. घरात बोलतो ती मराठी नाही. सत्कारात बोलतात ती.

"आपल्याच लोकांची वास्तू आहे ही, ताई. आपल्या आजोबांनी इथल्या दिवाणखान्यात संस्कृतातून भाषण केलं होतं. मी तेव्हा बालक होतो."

"हो. गणित कोण शिकवतं?"

"संस्कृताची परंपरा आपल्याकडे फार मोठी आहे."

"गणित?"

"गणिताची जागा भरण्याची प्रक्रिया सुरू आहे."

"कधीपासून?"

ते जरा दुखावले. "सुरूच आहे," म्हणाले.

पंखा फिरत नव्हता. भिंतीवर ओळीने देणगीदारांच्या तसबिरी होत्या आणि त्यांतले सगळे पगडीवाले आमच्याकडे असे बघत होते, जणू आम्ही उशिरा पोचलो. वर्गात डोकावलं, तर एक बाई मोबाइलवर कुणाला तरी आमटीत चिंच किती ते सांगत होत्या. मुली फळ्यावर आधीच लिहिलेलं उतरवून काढत होत्या. बाहेर पडल्यावर भाची म्हणाली, "आत्या, इथे सगळ्यांचे आजोबा फार ग्रेट होते ना?" मी त्या शाळेच्या रकान्यावर एक रेघ मारली. पूर्वजांच्या पुण्याईवर श्राद्ध घालता येतं, शाळा चालवता येत नाही, हे आमच्या समाजाला अजून कळायचं आहे. वर्षातून एकदा ते पुतळ्याचा हार बदलतात, भाषणं करतात, फराळ करतात आणि आपली मुलं पुण्याला पाठवतात.

दुसरी माझी शाळा. ही पिस्त्याची भिंत. खरं सांगायचं तर रकाने आखतानाच माझं मन तिच्याकडे कललं होतं, आणि त्याला कारण होत्या गणिताच्या बहिणजी. आमच्याकडे शिक्षिकेला बहिणजी म्हणायची रीत. या बंगाली होत्या, पांढरी खळ घातलेली साडी, हातात एक लोखंडी कडं, आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल एक थंड तिरस्कार. मूर्खपणाचा त्यांना मुळीच संताप येत नसे. त्या फक्त खडू खाली ठेवायच्या आणि बघायच्या. "ग़लत उत्तर चलेगा," त्या म्हणायच्या, "गंदा उत्तर नहीं चलेगा." पायऱ्या नीट मांडून चुकलेल्या मुलीला त्या शेजारी उभं करून चूक शोधायला लावत, आणि कुठून तरी बरोबर उत्तर उचलून आणलेल्या मुलीकडे पुन्हा वळूनही बघत नसत. शाळेने आलेखाचा फळा द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांनी एका सुट्टीत स्वतः येऊन अर्ध्या फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने चौकटी आखल्या. दोन अक्ष जाड, बाकी रेघा केसासारख्या. त्या बारीक रेघांवर खडूने काढलेली सरळ रेघ वर चढत जायची, तेव्हा पंधरा वर्षांच्या मला वाटायचं, की घाटाच्या पायऱ्यासुद्धा कुणीतरी अशाच एका कागदावर आधी मांडल्या असतील. माझ्यात जो काही नीटनेटकेपणा आहे, तो त्या फळ्यावरून आलेला आहे. माझ्यातला तिरस्कारही.

शाळेत शिरताच जिन्यातल्या दगडाचा गारवा तोच लागला. तळव्यांना लक्षात होता. प्राचार्याबाईंच्या खोलीत प्लास्टिकची फुलं होती, त्यांवरची रेती रोज पुसली जात होती. बाई गोड बोलत होत्या. गोड बोलणं ही या शहरातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

"आपका अपना स्कूल है, दीदी! आप तो घर की हैं।"

"गणित कौन पढ़ाता है?"

"हमारे यहाँ बच्चियाँ गृहविज्ञान लेती हैं," त्या म्हणाल्या. "नंबर भी अच्छे आते हैं।"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. आमच्या बोर्डात तेव्हा मुलींना नववी-दहावीला गणिताऐवजी गृहविज्ञान घेता येत होतं. घेता येतं, म्हणजे घ्यावं असं नाही. पण गणिताच्या बहिणजी निवृत्त झाल्यावर ती जागा कुणी भरली नाही. मग पहिल्या वर्षी काही मुलींनी गृहविज्ञान घेतलं, पुढच्या वर्षी सगळ्यांनी, आणि आता कारकून प्रवेशाच्या वेळीच तिथे खूण करून ठेवत होता. विचारायची पद्धतच उरली नव्हती. एकदा नववीची नोंदणी झाली, की दहावीची परीक्षा त्याच विषयाची. दहावीला गणित नाही, म्हणजे पुढे गणिताचं नावच नाही. एक दार बंद करायचं आणि त्यावर फुलांची तोरणं लावायची, असा तो प्रकार होता.

"पर जो लेना चाहे?" मी विचारलं.

"लड़कियाँ चाहती ही नहीं, दीदी," त्या प्रेमाने म्हणाल्या.

मी वरच्या मजल्यावरचा गणिताचा वर्ग बघायचा हट्ट धरला. तो आता गृहविज्ञान कक्ष होता. शिवणयंत्रं, भिंतीवर आहाराचा तक्ता, खिडकीत लोणच्याच्या बरण्या. आणि समोर तोच फळा. त्याच्या अर्ध्या भागावर बहिणजींच्या चौकटी तशाच होत्या, आणि त्या चौकटींवर कुणीतरी रंगीत खडूंनी एक मोठा पोपट काढला होता. हिरवा, लाल चोचीचा, एकेक चौकट भरून काढलेला. भरतकामाचा नमुना. मुली तो बघून आपापल्या रुमालांवर चौकटी मोजत टाके घालत होत्या.

मी काय बोलले असते कोण जाणे. माझ्या शेजारी भाची डोकं तिरकं करून पोपटाकडे बघत होती. "आत्या," ती हळूच म्हणाली, "पोपटाचा डोळा बरोबर ओरिजिनवर आलाय." दोन्ही जाड अक्ष मिळतात, नेमका तिथेच तो होता. आणि मग, अगदी सरळ आवाजात, "इथे मला मॅथ्स नाही मिळणार?"

तेवढं एक वाक्य. या पोरीने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. नवी सायकल नाही, दिवाळीचा ड्रेस नाही. पण संध्याकाळी बाप ओसरीवर पंचांग घेऊन बसला, की ती त्याच्या मांडीशी बसायची आणि तिथींच्या घटका-पळांची मिनिटं करत राहायची, काही काम म्हणून नाही, कुणी गाणं गुणगुणावं तशी.

भावाला मात्र ही दुसरी शाळा पसंत पडली. भिंत उंच, फाटक बंद, सगळ्या मुली, घरापासून जवळ. मी तिसरी शाळा बघून यायच्या आतच त्याने जाऊन अर्ज आणला, भरला, आणि गृहविज्ञानाची खूण आयतीच होती, ती तशीच राहू दिली. सोमवारी नेऊन द्यायचा होता.

"ताई, तू उगाच डोकं लावतेस," तो म्हणाला. "संस्कृत आणि गृहविज्ञान, दोन्हीत भरभरून नंबर. लडकीला आणखी काय हवं?"

"लडकीला विचारलंस?"

"ती काय सांगणार? बच्ची आहे अजून."

तिसऱ्या शाळेचं कौतुक करावं असं तिच्यात काही नाही, हे आधीच सांगते. भाजीबाजाराच्या मागे, पुढून फोटोकॉपीची दुकानं, मागून नाला. मुलगे-मुली एकत्र. जिन्याच्या प्रत्येक वळणावर पानाच्या पिचकाऱ्यांनी भिंत कमरेपर्यंत लाल. मुलींची मोरी कुलूपबंद, आणि किल्ली कारकुनाच्या खिशात, का, तर "गंदा कर देती हैं।" मी त्या कारकुनाच्या टेबलासमोर उभी राहिले आणि किल्ली मिळेपर्यंत हलले नाही. त्याने खुर्ची दिली, ती घेतली नाही. शेवटी त्याने किल्ली दिली, तेव्हा तिची एक जास्तीची प्रत मुलींच्या वर्गशिक्षिकेकडे राहील, हे त्याच्याकडून त्याच्याच अक्षरात लिहवून घेतलं. "आप सरकारी में हैं क्या?" त्याने शंकेने विचारलं. मी म्हटलं, "रेल्वे में। गाड़ी छूट जाए तो छोड़ती नहीं।"

गणिताचे सर तरणे होते, तोंडात पान, शर्टाच्या बाहीला खडू. मी प्रश्न विचारायला सुरुवात केली, तशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मैडम, पढ़ाई के बारे में बाहर से नहीं पूछते। पीछे बैठ जाइए।" इतक्या उद्धटपणे माझ्याशी वीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. आम्ही मागच्या बाकावर बसलो. वर्गात मुली थोड्याच, खिडकीपाशी एकमेकींना चिकटून. सरांनी पान एका गालात सारलं, फळ्यावर एक त्रिकोण काढला, आणि पुढचा तास त्या माणसाला आम्ही तिथे आहोत हे आठवलंही नाही. मध्येच त्यांनी वळून भाचीकडे बोट केलं. "तुम। नई वाली। क्यों?" उत्तर काय, असं नाही विचारलं. का, असं विचारलं. ती उठली आणि एकामागून एक कारण सांगत गेली. वर्ग खिदळला, कारण मराठी वळणाच्या हिंदीला इथे पोरं खिदळतातच. सरांनी हसणाऱ्यांकडे बघितलं, खडू खाली ठेवला, आणि नुसते बघत राहिले.

ते बघणं मी ओळखलं.

"बैठो," एवढंच ते तिला म्हणाले. तिथून घरी येताना ती पायऱ्या दोन-दोन चढत होती.

पण अर्ज भावाच्या पेटीत होता आणि सोमवार जवळ आला होता. रविवारी संध्याकाळी मी माहेरी गेले, तेव्हा ओसरीवर सांगलीकडचे यजमान बसले होते. फाल्गुनात त्यांचे वडील गेले होते, अस्थी घेऊन सगळे आले होते, विधी दशाश्वमेधावर झाले होते. आता जाताजाता थोरल्या मुलाने विचारलं, "गुरुजी, वर्षश्राद्धाची तिथी तेवढी लिहून द्या. गावाकडे गेल्यावर आम्हा भावांचा घोळ व्हायला नको."

भावाने तारीख विचारली, मोबाइलवर बोट फिरवलं आणि कागदावर लिहिलं: चैत्र कृष्ण नवमी. आमच्या वडिलांनी आयुष्यभर पुस्तकी पंचांग वापरलं. भाऊ हल्ली घाईत मोबाइल बघतो, आणि मोबाइल इथला महिना दाखवतो.

भाची चहाचे कप घेऊन आली होती. तिने वाकून कागद बघितला. "बाबा, फाल्गुन ना?"

"काय?"

"आपल्याकडचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यांचा अमावास्येला. हा कृष्ण पक्ष इथे चैत्राचा, पण सांगलीला फाल्गुन वद्य. चैत्र लिहिलंत, तर ते तिकडचं पंचांग बघून एक महिना उशिरा करतील." तिने कप खाली ठेवले. एकही सांडला नाही.

काशीतल्या दक्षिणी घरातल्या माणसाने कधीच करू नये अशी ही चूक, आमचं सगळं पोट या दोन पंचांगांच्या मधल्या फटीत चालतं. भावाने कागद फाडला आणि नवा लिहिला. थोरले यजमान कौतुकाने हसले. "पोरगी कितवीत?"

"नववीत जाईल," मी म्हटलं.

"गणित पक्कं दिसतंय."

"गणित नाही घेत ती. गृहविज्ञान घेते. तिला लोणचं शिकवणार आहेत."

भावाचे कान लाल झाले. यजमान चहात बघू लागले. ते गेल्यावर मात्र तो उसळला. पाहुण्यांसमोर अपमान केलास, मुलांबरोबर एका वर्गात बसवणार का, बाजारातून जायचं, लोक काय म्हणतील, सगळं एका दमात. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून वहिनी आली. ही बाई ओसरीवरच्या वादात कधी पडत नाही. कप गोळा करताकरता ती म्हणाली, "शिवण मी शिकवीन तिला घरी. लोणचंही. ते मला येतं. गणित मला येत नाही."

आणि कप घेऊन आत गेली.

इतक्या शाळा हिंडले, इतकी मान्यताप्राप्त माणसं बोलली, त्यांत शिक्षणाबद्दलचं शहाणं बोलणं मी एवढंच ऐकलं. भाऊ उठला. मग त्याने पेटी उघडली, अर्ज काढला आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला. "बाजारातून नको नेऊस," तो म्हणाला. "वरच्या गल्लीने जा."

भाची आता दुसऱ्या शहरात संख्याशास्त्र शिकते. ती तिसरी शाळा अजूनही तितकीच घाण आहे. पानवाल्या सरांची पुढे कुठेतरी बदली झाली आणि त्यांच्या जागी कोण आलं, कुणी आलं का, मला ठाऊक नाही. एखाद्या शाळेत एक माणूस असतो, तोपर्यंत ती शाळा असते. मग उरतं ते फाटक, फलक आणि निकालाचे चेहरे. आणि आम्ही लोक फाटकांची उंची मोजत राहतो.

हे सगळं आठवत मी आज त्या पिस्त्याच्या भिंतीपाशी उभी होते. फाटक रंगासाठी उघडं होतं. आत अंगणात, कडुनिंबाखाली, साहेबांच्या नजरेला पडू नये असं सगळं आणून टाकलं होतं: मोडके बाक, गंजकी शिवणयंत्रं, आणि आडवा पडलेला तो फळा. रंगाऱ्याने त्यावर आपले डबे मांडले होते. पोपट केव्हाच पुसला गेला होता. चौकटी मात्र होत्या. ऑइलपेंट पिवळा पडला होता, दोन जाड अक्ष अजून सरळ होते, आणि डिस्टेंपरचा एक डबा नेमका मधल्या बिंदूवर बसला होता.

कारकून बाहेर आला. मी म्हटलं, हा फळा टाकणार असाल, तर मला द्या, माणूस पाठवून उचलून नेते.

"अरे नहीं बहिनजी," तो दचकून म्हणाला. "सरकारी संपत्ति है।"

त्या क्षणी वरून निंबोळ्या गळत होत्या आणि सरकारी संपत्तीवर पिस्त्याचा रंग ओघळत होता. मी वाद घातला नाही. काही माणसांशी वाद घालायचा म्हणजे त्यांना आपल्या बरोबरीचं मानावं लागतं.

फाटकाशी एक मुलगी सावलीत बसली होती. नववीतली असावी. वर्ग रंगवत असल्यामुळे मुलींना बाहेर बसवलं होतं. मांडीवर रुमाल, रुमालावर भरतकामाची गोल कडी, हातात सुई.

"गणित कौन पढ़ाता है तुम लोगों को?" मी विचारलं.

तिने वर बघितलं. प्रश्न तिला विचित्र वाटला असावा. "हमारा तो होम साइंस है, आंटी," ती म्हणाली, आणि पुन्हा खाली वाकली.

माझ्या भाचीला एक आत्या होती, एक आई होती, आणि एका रविवारी ओसरीवर चुकलेली एक तिथी होती. या मुलीला काय आहे, मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. रुमालावर अर्धा मोर झाला होता, पिसाऱ्याचं टोक यायचं होतं, आणि ती सुईच्या टोकाने कापडाच्या जाळीचं एकेक घर पुढे सरकत, ओठांतल्या ओठांत, कुणालाही ऐकू जाणार नाही असं मोजत होती.